नोकरी करणारी माता आणि अंगावर लावावयाचा दूधपंप

पहिले सहा महिने बालकास केवळ मातेचे दूध द्यावे आणि पुढे पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. तरीही रजा संपते आणि स्तनपानाची गरज उरतेच. कामावर रुजू झालेल्या मातेचे दूध पुष्कळदा आटू लागते. असे का व्हावे?

दूध मागणीनुसार तयार होत असते. स्तनात ते साठून राहिले, तर नव्या दुधाची निर्मिती मंदावते; वेळच्या वेळी काढले, तर ती चालू राहते. म्हणून बाळापासून दूर असताना साधारणतः दर तीन तासांनी दूध काढणे, हाच यावरील उपाय होय.

अंगावर लावावयाच्या पंपाने हे काम सुलभ केले आहे. त्यात लहानशी मोटर, बॅटरी, झडप आणि दूध साठविण्याची वाटी एकत्र असून तो ब्रेसियरच्या आत बसतो. त्यामुळे हात मोकळे राहतात. आरंभी पंप जलद व हलकी ओढ देतो. पान्हा फुटला की ओढ संथ व खोल करावयाची असते. ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो. वेदना आणि चिंता यांमुळे तो अडतो. तेव्हा ओढ सोसवेल इतकीच ठेवावी आणि पंपाचे तोंड स्तनाग्राच्या मापाचे निवडावे. पंप चालू असता फार वाकू नये, कारण दूध सांडते. त्यानंतरही स्तन जड वाटल्यास उरलेले दूध हाताने काढावे.

दुधाचा स्पर्श झालेले सर्व भाग प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. काढलेले दूध २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात चार तास, तर शीतकपाटात चार दिवस टिकते. आपल्याकडील उन्हाळ्यात ते लगेच थंड जागी ठेवणेच श्रेयस्कर.

पंप हात मोकळे करतो. वेळ मात्र निर्माण करीत नाही. वीस मिनिटांची उसंत, दार लावता येईल अशी स्वच्छ खोली आणि सहकाऱ्यांचा समजूतदारपणा यांची जोड मिळाली, तरच मातेचे श्रम सार्थकी लागतात.