दोरा का तुटतो? मशीन भरतकाम करणाऱ्यांसाठी काही उपयोगी गोष्टी

१९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी पिंपरीत स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, भोसरी-चिंचवडचे कारखाने वाढले आणि पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पोहोचला. कारखाना आला की कामगारांचा गणवेश येतो आणि गणवेशाच्या खिशावर कंपनीचे नाव भरून घ्यावे लागते. हे काम एक-दोन मशीन टाकून बसलेल्या आपल्या अनेक कारागिरांच्या आवाक्यातले आहे. ईदच्या आधी कुर्ते, बुरखे आणि ओढण्यांचे काम येते ते वेगळेच. मात्र या धंद्यातला नफा बऱ्याचदा एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीत वाहून जातो. ती गोष्ट म्हणजे दोरा तुटणे.

आधी हिशेब पाहू. समजा, खिशावरचे चिन्ह ८,००० टाक्यांचे आहे आणि मशीन मिनिटाला ७०० टाके घालते. एक शर्ट साधारण साडेअकरा मिनिटांत होतो. २०० शर्टांना ३८ तास लागतात. आता प्रत्येक शर्टामागे तीन वेळा दोरा तुटला आणि दर वेळी ओवून, मागे घेऊन पुन्हा सुरू करण्यात दोन मिनिटे गेली, तर २०० शर्टांमागे २० तास वाया जातात. म्हणजे दहा तासांच्या दोन पाळ्या. आपला दर हजार टाक्यांवर ठरतो, थांबलेल्या मिनिटांचे पैसे कोणी देत नाही. बारा हेडचे मशीन असेल तर एका हेडचा दोरा तुटला तरी बाराही हेड थांबतात. शिवाय जोडलेल्या जागी फट राहिली किंवा गाठ दिसली, तर तो शर्ट परत येतो, आणि कापड गिऱ्हाइकाचे असल्याने भरपाई आपल्यालाच करावी लागते.

टेन्शनच्या स्क्रूला आधी हात लावू नका

दोरा तुटला की बहुतेक कारागीर पहिल्यांदा टेन्शनचा स्क्रू फिरवतात. इथेच घोटाळा होतो. दोष सुईत असेल तर तो तसाच राहतो आणि वर टेन्शनही बिघडते. म्हणून आमचे सांगणे असे की आधी तुटलेले टोक पाहावे आणि दोरा कुठे तुटतो याची नोंद करावी.

टोक पिंजलेले, तंतू सुटलेले असेल तर दोरा कुठेतरी घासतो आहे. सुईचे नेढे, सुईखालची प्लेट आणि दोऱ्याच्या वाटेवरच्या कड्या तपासाव्यात. टोक चाकूने कापल्यासारखे साफ असेल तर हुकला किंवा प्लेटला धार आली आहे का ते पाहावे. टोक ताणून गुंडाळल्यासारखे असेल तर दोरा कोनखाली अडकला आहे किंवा टेन्शन खरोखर जास्त आहे.

अनेक हेडच्या मशीनवर आणखी एक खूण मिळते. सगळ्या हेडवर डिझाइनच्या एकाच जागी दोरा तुटत असेल तर दोष पंचिंगमध्ये आहे. एकाच हेडवर सगळ्या सुयांचा दोरा तुटत असेल तर त्या हेडचा हुक किंवा बॉबीन पाहावी. एका हेडवर एकाच सुईचा दोरा तुटत असेल तर ती सुई आणि तिच्या दोऱ्याची वाट तपासावी. दोरा न तुटताच मशीन थांबत असेल तर दोरा तुटल्याची सूचना देणाऱ्या चाकात किंवा स्प्रिंगमध्ये कचरा अडकलेला असू शकतो.

तपासणीचा क्रम

पहिले, दोरा पूर्ण काढून नव्याने ओवावा. एखादी कडी सुटलेली असते.

दुसरे, सुई बदलावी. बोथट सुईची किंमत वाया गेलेल्या एका शर्टापुढे काहीच नाही. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याला ११ नंबरची सुई चालते. गणवेशाच्या जाड ड्रिलला १२ किंवा १४ नंबरची, आणि जरीच्या दोऱ्यालाही मोठ्या नेढ्याची सुई घ्यावी. सुई पूर्ण वर बसवावी. तिची लांब खाच कारागिराकडे आणि खळगा हुककडे असावा.

तिसरे, बॉबीन. बॉबीन केस दोऱ्याला धरून लोंबती ठेवावी. ती आपल्या वजनाने घसरता कामा नये, पण हलका झटका देताच इंच-दोन इंच खाली यावी. मग एक पट्टी भरून कापड उलटे करून पाहावे. मधल्या एक तृतीयांश भागात बॉबीनचा दोरा आणि दोन्ही बाजूंना वरचा दोरा दिसला, म्हणजे टेन्शन बरोबर आहे.

चौथे, हुक. बॉबीन काढून ब्रशने कचरा झाडावा आणि मशीनसोबतच्या पुस्तकाप्रमाणे तेलाचा थेंब द्यावा. टोकावर बोट फिरवून खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपरने ती घालवावी. हुकचा टायमिंग मात्र जाणकार मिस्त्रीकडूनच लावून घ्यावा.

पाचवे, डिझाइन. मोठे चिन्ह लहान करून खिशावर बसवले की टाके दाटतात. एक मिलिमीटरहून लहान टाके एकाच जागी पडत राहिले तर सुई त्याच दोऱ्यात पुन्हा पुन्हा शिरते. असे चिन्ह त्या मापाला नव्याने पंच करून घ्यावे.

एवढे झाल्यावरच टेन्शनला हात लावावा. तेही स्क्रू पाव फेरा फिरवून, आणि नोंद ठेवून.

दोरा आणि जागा

रेयॉनचा दोरा चमकदार असतो, पण ओल लागली की त्याची ताकद बरीच कमी होते. पावसाळ्यात तो बंद डब्यात ठेवावा. गणवेश वारंवार धुतले जातात, म्हणून त्यांना पॉलिस्टरचा दोराच बरा. जरीच्या कामात वेग मिनिटाला ५०० ते ६०० टाक्यांवर आणावा. भोसरीसारख्या ठिकाणी शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडिंग चालत असेल तर लोखंडाची बारीक धूळ कोनवर बसते आणि दोरा कापते. काम संपले की कोन झाकावेत. उन्हात ठेवलेले कोनही कमजोर होतात.

प्रत्येक मशीनपाशी एक वही टांगावी. कोणत्या हेडला, कोणत्या सुईला, डिझाइनच्या कोणत्या जागी दोरा तुटला, एवढेच तिच्यात लिहावे. आठवड्याने ती वही चाळली की खोड कुठे आहे ते दिसते. नव्या पोराला काम शिकवतानाही हीच सवय आधी लावावी. ठरल्या दिवशी, ठरल्या दर्जाचे काम देणाऱ्याकडे कारखान्याचा माणूस पुढच्या वर्षीही येतो.