एसआयपी बंद करण्याआधी

सावेडी, अहिल्यानगर
दि. 19 जानेवारी 2025

चि. सुमेध यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. असल्या गोष्टींना मोबाइलवर बोटं आपटत उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून पत्र. अमेरिकेतल्या रोख्यांची वक्ररेषा उलटी झाली होती, ती आता सरळ झाली, म्हणजे मंदी दाराशी आली. इकडे सप्टेंबरअखेर 85,900 च्या वर गेलेला सेन्सेक्स 77,000 च्या खाली उतरला. म्हणून एसआयपी थांबवायची, जमलेले युनिट विकायचे आणि पैसे जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत टाकायचे, असा तुझा बेत. बातम्या खऱ्या आहेत. बेत पटला नाही, आणि पतसंस्थेचं वाचून तर धडकीच भरली.

आधी ती वक्ररेषा. शंभर रुपयांच्या सरकारी रोख्यावर वर्षाला सात रुपये ठरलेले असतात. तोच रोखा बाजारात 93 ला मिळू लागला की घेणाऱ्याला ढोबळमानाने साडेसात टक्के पडतात; यालाच यील्ड म्हणतात. 107 ला गेला की साडेसहा. किंमत चढली की यील्ड उतरतं, एवढं पक्कं कर. आता, दहा वर्षं पैसे अडकवणाऱ्याला दोन वर्षांवाल्यापेक्षा जास्त व्याज मिळावं, हा साधा व्यवहार. पण महागाईपायी आजचे दर चढे असतील आणि पुढे धंदा मंदावून ते उतरणार असं मोठ्या गुंतवणूकदारांना वाटू लागलं, की ते लांबच्या मुदतीचे रोखे घ्यायला धावतात. मग दहा वर्षांचं यील्ड दोन वर्षांच्या खाली जातं; हीच ती उलटी रेषा. हे तुझ्या घरातच घडलंय. 2023 मध्ये तुझ्या आईने स्टेट बँकेत 400 दिवसांची अमृत कलश ठेव केली, तिचा दर 7.10 टक्के, त्याच बँकेत पाच ते दहा वर्षांच्या ठेवीला 6.50. पुढे दर उतरतील, असाच बँकेचाही होरा होता.

या उलट्या रेषेचा आणि मंदीचा संबंध कॅम्पबेल हार्वे यांनी शिकागो विद्यापीठातल्या 1986 च्या प्रबंधात मांडला. त्यानंतर तिने नाव कमावलं. 2006 मध्ये ती उलटली, 2007 च्या मध्यापर्यंत सरळ झाली आणि त्या डिसेंबरात अमेरिकेची मंदी सुरू झाली. तुझा ‘सरळ झाली म्हणजे आता नक्की’ हा सिद्धांत तिथूनच आलाय. पण जुलै 2022 ते सप्टेंबर 2024 अशी दोन वर्षांहून जास्त काळ ती उलटी राहिली, आणि त्यात मंदी आलीच नाही. पुढे येईलही. 2022 मध्ये घाबरून बाहेर पडलेल्याला मात्र त्याचा काय उपयोग?

शेअरबाजाराचा इशारा तर आणखी बेभरवशाचा. मागच्या पाच मंद्यांपैकी बाजाराने नऊ ओळखल्या, असा टोमणा अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी 1966 मध्येच मारला होता. आपल्याकडे जानेवारी 2008 मध्ये 21,000 वर असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 8,000 च्या खाली जाऊन आला. देशाची वाढ मंदावली, पण अर्थव्यवस्था आक्रसली नाही. घट नव्हे, वाढच कमी. हा फरक बातम्या देणारे करत नाहीत, तू करायला हवास. नोव्हेंबरअखेर आलेला 5.4 टक्क्यांचा तिमाही आकडाही वाढीचाच आहे.

शिवाय अमेरिकेचं मोजमाप इथे जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्या बँकांना ठेवींचा ठरावीक हिस्सा, सध्या 18 टक्के, सरकारी रोख्यांत वगैरे ठेवावाच लागतो. रिझर्व्ह बँकही रोखे घेते-विकते. त्यामुळे यील्डमध्ये बाजाराचं मत किती आणि सक्ती किती, हे वेगळं काढणं अवघड. 2013 च्या जुलै-ऑगस्टात रुपया सावरायला रिझर्व्ह बँकेने पैसा आवळला तेव्हा आपलीही रेषा उलटली होती. ती मंदीची चाहूल नव्हती, रुपयाची धडपड होती. आणि 1970 नंतर या देशाचं उत्पन्न खरोखर आक्रसलं ते 1972-73 ला, 1979-80 ला आणि 2020-21 ला. पहिल्या दोन वेळी दुष्काळ, तिसऱ्यांदा महामारी. बहात्तरला मी शाळेत होते. नगर जिल्ह्यातली माणसं खडी फोडत होती, सुकडी खात होती. त्याची सूचना कुठल्या रोख्याने दिली असती?

मग बघायचं काय? माझ्या मते, यील्डमधलं अंतर. सरकारला सात टक्क्यांनी पैसे मिळतात आणि एखाद्या कंपनीला अकरा द्यावे लागतात, तेव्हा वरचे चार टक्के ही भीतीची किंमत असते. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या वित्त कंपनीने हप्ते चुकवले. थोड्याच आठवड्यांपूर्वी तिचं मानांकन सर्वोच्च होतं! त्यानंतर वित्त कंपन्यांना उसनवारी महाग झाली, गाड्यांची कर्जं आटली आणि ऑगस्ट 2019 मध्ये प्रवासी वाहनांची विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा जवळजवळ 32 टक्क्यांनी घसरली. कारणं आणखीही होती, पण हे मोठं. चाकण-रांजणगावात शिफ्टा कमी झाल्या, कंत्राटी पोरं घरी बसली. आणि सेन्सेक्स? त्याच वर्षी नोव्हेंबरात तो 41,000 पार गेला. तुझ्या पोटाशी संबंध आहे तो वाहनांच्या सुट्या भागांचा; तेव्हा ओव्हरटाइम, कंत्राटी भरती आणि डीलरच्या आवारात उभ्या गाड्या यांच्यावर डोळा ठेव. ही माहिती तुला मुंबईच्या विश्लेषकाआधी मिळते.

हेच अंतर पतसंस्थेला लाव. पाइपलाइन रोडवर चालत गेलास तर पाट्यांवर स्टेट बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज दिसेल. ते जास्तीचे टक्के कशाबद्दल मिळतात, हे विचारायचं. शतकाहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला. पण ती बँक होती, म्हणून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच तरी होतं. पतसंस्थेच्या ठेवीला तेही नाही. मंदीला भिऊन तू त्याहून मोठ्या धोक्यात पाय टाकतोयस.

तेव्हा एसआयपी चालू ठेव. ते पैसे तुला दहा वर्षं लागणार नाहीत, असं तूच म्हणाला होतास. सहा महिन्यांचा घरखर्च आणि फ्लॅटचे हप्ते निघतील एवढी रक्कम मात्र सरकारी बँकेत वेगळी काढ, आणि ती होईस्तोवर नवी गाडी नको. शिवजयंतीच्या सुट्टीत येशील तेव्हा गृहकर्जाचे कागद घेऊन ये. रिझर्व्ह बँक दर उतरवेल अशी चर्चा आहे. तुझा दर रेपोला जोडलेला असेल, तर हप्ता तोच ठेवून मुदत किती घटवता येईल, ते बसून काढू.

तुझी,
मावशी