घटक : ‘टाइम’ आणि ‘वेळ’ – पर्यायी शब्द आणि व्यवहारातील उपयोजन

प्रास्ताविक

एकाच अर्थाचे दोन शब्द भाषेत शेजारी आले की ते आपसांत कामाची वाटणी करून घेतात, हे आपण समानार्थी शब्दांच्या विवेचनात पाहिले. इंग्रजीतून आलेल्या ‘टाइम’ या शब्दाने मराठीतील अशी एक जुनी वाटणी कशी बदलली, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

गुरुकुंज मोझरीच्या परिसरातून संपर्कसत्रास येणारी एक विद्यार्थिनी बोलता बोलता म्हणाली, “सर, आमच्या टायमाले दहावी म्हंजे लय मोठी गोष्ट होती.” वाक्य तोंडातून गेले आणि ती ओशाळली. “आमच्या काळी,” अशी दुरुस्ती तिने लगेच केली. दुरुस्ती योग्यच होती. ओशाळण्याचे मात्र काही कारण नव्हते. ते का, हे पुढील विवेचनातून लक्षात येईल.

विषयविवेचन

‘टाइम’चा सर्वांत जवळचा मराठी पर्याय ‘वेळ’. हा शब्द संस्कृत ‘वेला’पासून आला. ‘वेला’ स्त्रीलिंगी असून मर्यादा, समुद्राचा किनारा आणि समय असे तिचे अर्थ आहेत. मराठीत ‘वेळ’ दोन लिंगांत चालतो आणि लिंग बदलले की अर्थ बदलतो. ‘ती वेळ’ म्हणजे कालप्रवाहातील एक निश्चित बिंदू. ‘तो वेळ’ म्हणजे दोन बिंदूंमधील अवधी. ‘जायची वेळ झाली’ आणि ‘यायला वेळ झाला’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात ठरलेला क्षण आला आहे. दुसऱ्यात उशीर झाला आहे. सामान्यरूपेही वेगळी होतात : ‘दिलेल्या वेळेत’, ‘त्या वेळी’, ‘वेळेवर’ ही स्त्रीलिंगी, ‘थोड्या वेळात’, ‘बऱ्याच वेळाने’ ही पुल्लिंगी. ‘तीन वेळा’ असे अनेकवचन स्त्रीलिंगी ‘वेळ’चेच होते. अवधी मोजता येतो, त्याची गणती करता येत नाही. म्हणून पुल्लिंगी ‘वेळ’ला अनेकवचन नाही. ज्यांची मातृभाषा मराठी आहे त्यांना हे कोणी शिकवलेले नसते, तरी त्यांची चूक होत नाही.

मोझरीचेच उदाहरण घेऊ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंजात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. हजारोंचा समुदाय त्या क्षणी स्तब्ध होतो. येथे ‘मौनाची वेळ’ म्हणजे ४ वाजून ५८ मिनिटे, आणि समुदाय जितका काळ निःशब्द उभा राहतो तो ‘मौनाचा वेळ’. आता या दोन्ही ठिकाणी ‘मौनाचा टाइम’ असे म्हणून पाहा. क्षण अभिप्रेत आहे की अवधी, हे संदर्भावरूनच ठरवावे लागेल. ‘टाइम’ मराठीत केवळ पुल्लिंगी झाला, त्यामुळे लिंगाने होणारा अर्थभेद त्याच्यापाशी उरला नाही. ‘टाइम झाला’ या दोन शब्दांत निघण्याचा क्षणही येतो आणि उशीरही येतो.

असे असूनही हा शब्द उपरा राहिलेला नाही. वऱ्हाडीत ‘टायमाले’, ‘टायमावर’, ‘टायमात’ अशी रूपे सर्रास ऐकू येतात. म्हणजे त्याने अकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप घेतले आणि वऱ्हाडीचा ‘ले’ हा प्रत्ययही स्वीकारला. जो शब्द आपल्या भाषेची विभक्ती घेतो तो व्याकरणाच्या दृष्टीने आपला झाला, असे माझे मत आहे. आपल्या विद्यार्थिनीचे ‘टायमाले’ हे रूप म्हणूनच नियमाला धरून होते. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो (डोळा–डोया, शाळा–शाया), हेही येथे ध्यानात ठेवावे. या नियमाने ‘काळ’ आणि प्रश्नार्थक ‘काय’ यांचे उच्चार फार जवळ येतात. अशा स्थितीत बोलणाऱ्याला ‘टाइम’ सोयीचा वाटला असल्यास नवल नाही, मात्र हा केवळ माझा तर्क आहे.

‘टाइम’ मुख्यतः घड्याळाबरोबर आला असावा. पूर्वी आपल्याकडे पळे, घटका आणि प्रहर होते. साठ पळांची एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे. प्रहर तीन तासांचा. ही मापे लग्नमुहूर्तापुरती चालत होती, आगगाडीला ती पुरेशी नव्हती. अकोला–बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली. मुंबई शहर मात्र आपल्या स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ला पुढेही अनेक वर्षे चिकटून होते. गाडी, दवाखाना, कारखाना, शाळेचे टाइमटेबल अशा जिथे मिनिटांचा हिशेब आला तिथे ‘टाइम’ रुजला. पुढे ‘ओव्हरटाइम’ आला. ‘टाइमपास’ तर भुईमुगाच्या शेंगांनाही म्हटले जाऊ लागले!

घड्याळाच्या पलीकडे मात्र त्याची गती मंदावते. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत ‘काळ’ म्हणजे मृत्यू आणि ‘वेळ’ म्हणजे त्याचा नेमका क्षण. तेथे दोन्ही जागी ‘टाइम’ घालून पाहा; म्हणच उरत नाही. ‘कातरवेळ’ला त्याच्याकडे पर्याय नाही. ‘अवेळी’ या एका शब्दासाठी ‘भलत्या टायमाले’ असे दोन शब्द योजावे लागतात. ‘टाइम नाही’ या उत्तरात सवड, फुरसत आणि उसंत हे तिन्ही शब्द बुडून जातात. सवड म्हणजे इतर कामांतून काढलेली जागा, फुरसत म्हणजे निवांतपणा. उसंत या दोहोंहून निराळी : दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत वऱ्हाडातल्या बाईला मिळत नाही ती उसंत. श्रमांच्या मध्ये श्वास घेण्यापुरती मिळणारी ती थांबण्याची संधी असते. तिच्याविषयी ‘तिला टाइम नाही’ असे लिहिले तर माहिती पोहोचते, परंतु तिचे श्रम वाचकाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

म्हणून बोलीतील संवाद लिहिताना ‘टाइम’ अवश्य योजावा. पात्राच्या तोंडून तो काढून टाकणे म्हणजे त्याची बोली खोटी करणे होय. प्रश्नपत्रिकेच्या उत्तरात किंवा निबंधात मात्र आपणांस क्षण म्हणावयाचा आहे, अवधी, युग की सवड, हे आधी ठरवावे. शब्द त्यानंतर निवडावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘बसचा टाइम झाला’ आणि ‘बसला टाइम आहे’ ही वाक्ये ‘टाइम’ न वापरता लिहा. प्रत्येक ठिकाणी ‘वेळ’चे लिंग कोणते, ते सांगा.

२. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे एक दिवस लक्षपूर्वक ऐका. ‘टाइम’, ‘वेळ’, ‘काळ’ आणि ‘वखत’ यांपैकी कोणता शब्द कोणत्या संदर्भात आला, याची दहा वाक्ये त्यांच्याच उच्चारांत टिपून ठेवा व पुढील संपर्कसत्रास सोबत आणा.