आधी बादली, मग पंप

पंपाच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "घर किती मजल्यांचं?" आणि लगेच दुसरा, "किती एचपीचा देऊ?" पाणी नेमकं कुठं अडतंय, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर बऱ्याचदा पंप विकलाच जाणार नाही. हे शहाणपण मी रोख मोजून घेतलंय. त्याची रडकथा सांगत नाही, हिशोब तेवढा मांडतो.

नळाला धार नसते ती तीन कारणांनी: पाणी पुरेशा उंचीवरून येत नाही, वाटेत अडतं, नाहीतर मुळात येतच नाही. पंप हे फक्त पहिल्या दुखण्याचं औषध. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ किलो दाब. बैठ्या घराच्या स्लॅबवरची टाकी शॉवरपेक्षा जेमतेम दीड-दोन मीटर वर असते, म्हणजे दाब पाव किलोही नाही. तिथं पंप हवाच. पण खालच्या नळाखाली बादली भरायलाही युग लागत असेल, तर दोष उंचीचा नाही. १० लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. आधी टाकीच्या तोंडाशी मोजा, मग नळाशी. वर धो-धो आणि खाली करंगळीएवढी धार असेल, तर चोर पाइपात आहे. चंद्रपूरकडं कित्येक बोअरचं पाणी जड. जुन्या जीआय पाइपात क्षाराचे थर बसतात, पाण्यात लोह असेल तर तांबूस गाळही. पाइपाचा आतला व्यास निम्मा झाला की तेवढंच पाणी न्यायला घर्षणात सुमारे ३२ पट दाब जातो. हे गणित पंपाला जिंकता येत नाही. तो जोर लावतो आणि फुटतो भिंतीतला जुना सांधा. नळाची जाळी साफ करा, गेट व्हॉल्व्ह पुरता उघडा आहे का पाहा, हे सांगायला दुकानदाराला काही पैसे पडत नव्हते.

यावर काही जण म्हणतील, नळयोजनेच्या वाहिनीतूनच पाणी जोरात येत नाही त्याचं काय? केंद्राच्या १९९९च्या पाणीपुरवठा नियमावलीत एकमजली घरासाठी वाहिनीत किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर दाब सांगितला होता. जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटरची भाषा आहे. पण लिटर म्हणजे दाब नव्हे. दाब मिळाला नाही की गल्लीत वाहिनीला थेट जोडलेले टिल्लू पंप येतात. "शेजारी लावतो, मीच का नको?" हा आक्षेप खोटा नाही, न लावणाऱ्याचं पाणी लावणारा ओढतो, हे खरंच. तरीही वाहिनीतून थेट ओढलं की आत पोकळी होते आणि फुटक्या सांध्यातून नालीचं पाणी आत शिरतं. ते शेजाऱ्याच्या घरी जातं तसं आपल्याही. शिवाय पंप जप्त होतो तो वेगळाच. पाणी आपल्या जोरानं खालच्या टाकीत पडू द्यावं आणि पंप टाकीच्या पुढं लावावा.

"मोठाच घेतला तर प्रश्नच नको," हा सल्ला सर्वांत महागडा. पाटीवरचा कमाल हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, प्रवाह शून्य असतानाचा असतो. १२ मीटरवर मिनिटाला किती लिटर, ते विचारा. दोन शॉवर एकदम चालायला २० लिटर पुष्कळ, आणि त्याला अर्धा एचपीही भरपूर. दुसरी गोष्ट दुकानात कुणी बोलतच नाही: फ्लो स्विचचा पंप पाणी हलल्यावरच जागा होतो. टाकी आणि शॉवर एकाच पातळीवर असतील तर पाणी हलत नाही, पंप मुका राहतो. तिथं प्रेशर स्विच लागतो. मात्र एखादा नळ गळका असेल तर तो रात्रभर चालू-बंद होत राहतो. टाकी रिकामी झाल्यावर पंप आपोआप थांबेल अशी सोय हवीच. एटापल्ली-भामरागडच्या टोकाला व्होल्टेज उतरलं की मोटर जादा करंट ओढून तापते, आणि वर स्लॅबवर मे महिन्याचं ऊन. तेव्हा पंपावर सावली करा, वॉरंटीतल्या बारीक अटी आधीच वाचा. वीज गेली तरी पाणी पंपाला वळसा घालून यावं म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून बायपास काढून घ्या. "त्याची काही गरज पडत नाही," असं सांगतील. तोंडाला साबण लावून अंधारात उभं राहायचं असतं ते त्यांना थोडंच!