यंत्र घेण्यापूर्वीं करावयाचा हिशेब

गेल्या पाडव्याच्या सकाळीं द्वारकेच्या चौकांत, जेथें मुंबई-आग्रा हमरस्त्यास पुणें रस्ता मिळतो तेथें, मी पाऊण तास उभा होतों. झेंडूच्या माळा घातलेले नवे ट्रॅक्टर एकामागून एक गांवाकडे निघाले होते. मालकांच्या चेहऱ्यांवर आनंद होता, व तो रास्तच होता. परंतु त्यांपैकीं कितीजणांनीं मुहूर्तापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन वर्षाच्या तासांचा हिशेब मांडला असेल, हा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. त्याच विषयाचा एक लहानसा पाठ वाचक बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. प्रस्तुत लेखक यंत्रांचा जाणकार नाहीं. त्याचा जन्म कारकुनींत गेला. पण सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या सदरांत यंत्रकर्जाचे बोजे चढतांना, आणि क्वचित् वेळेवर उतरतांना, त्यानें पुष्कळ पाहिले आहेत.

एके काळीं आपल्या लोकांस यंत्राची भीति वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी तो घेईनात. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, व तोच नांगर गांवोगांव गेला. आज स्थिति उलट आहे. भीति जाऊन हौस आली. परंतु भीतीनें न घेणें आणि हौसेनें घेणें या दोहोंतही हिशेब नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

आतां हिशेबाकडे वळूं. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल मानलेले आहेत. प्रत्येकानें आपले आंकडे घालून पाहावे. समजा, द्राक्षबागेच्या कामासाठीं एक लहान ट्रॅक्टर ६,००,००० रुपयांस घेतला. तो दहा वर्षें चालेल व शेवटीं १,००,००० रुपयांस विकला जाईल असें धरूं. म्हणजे पांच लाखांची झीज दहा वर्षांत, अर्थात् वर्षाची ५०,००० झाली. गुंतलेली रक्कम आरंभीं सहा लाख व शेवटीं एक लाख, म्हणून सरासरी साडेतीन लाख. त्यावर शेंकडा १० प्रमाणें व्याज ३५,०००. पैसा घरचा असला तरी हें व्याज धरलेंच पाहिजे, कारण तोच पैसा दुसरीकडे कांहींतरी मिळविता. विमा, निवारा वगैरे १०,०००. एकूण ९५,००० रुपये. हा खर्च यंत्र शेडमध्यें उभें असलें तरी होतो, आणि हीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. वर्षांत यंत्र २०० तास चाललें तर हा बोजा तासाला ४७५ रुपये पडतो, ५०० तास चाललें तर १९०, आणि १००० तास चाललें तर केवळ ९५. याखेरीज डिझेल, चालक व दुरुस्ती मिळून तासाला ४५० लागतात असें समजा.

आतां तेंच काम भाड्यानें करून घेण्यास तासाला ९०० पडतात असें धरा. प्रत्येक तासामागें आपल्या यंत्रानें ४५० वांचतात. ९५,००० ला ४५० नें भागलें असतां २११ तास येतात. वर्षाचें काम २११ तासांहून अधिक असेल तर यंत्र घरचें परवडतें, कमी असेल तर भाड्याचें. वर्षांत १२० तासच काम असेल तर भाड्यानें १,०८,००० लागतील, आणि घरच्या यंत्रास १,४९,०००. तूट ४१,००० रुपये.

ही तूट मीं घरांत पाहिली आहे. माझ्या धाकट्या बंधूनें सात एकरांच्या धारणेवर ट्रॅक्टर घेतला, तेव्हां मी नोकरींत होतों. अर्ज मींच लिहून दिला. अक्षर चांगलें होतें, एवढेंच त्या अर्जाविषयीं म्हणतां येईल. इकरार झाला, बोजा चढला. बंधूचा भरंवसा असा कीं, गांवांतील नांगरटीचीं कामें मिळतील व हप्ता त्यांतून निघेल. कामें मिळालीं, पण उधारीनें. आणि उधारी सोयऱ्याधायऱ्यांकडे असल्यामुळें मागतां येईना. पहिल्या वर्षाच्या नोंदी आम्हीं मागाहून जुळविल्या, तेव्हां सारे मिळून दीडशेही तास भरले नाहींत. शिवाय हप्ता सहामाही होता. द्राक्षाचा पैसा फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत येतो. दुसरा हप्ता ऐन दिवाळीपूर्वीं, म्हणजे छाटणी, औषधें व मजुरी यांचा खर्च तोंडावर असतां, भरावा लागे. त्यासाठीं हातउसने घेतले, हातउसन्यांसाठीं आणखी घेतले, आणि चौथ्या वर्षीं विहिरीकडील दीड एकर गेलें. वडील तेव्हां हयात होते. त्यांनीं खरेदीखतावर सही केली आणि त्यानंतर त्या बांधाकडे ते कधीं गेले नाहींत. यंत्रांत खोट नव्हती. पुढील मालकाकडे तें उत्तम चाललें, कारण त्याच्याजवळ काम होतें.

तथापि रुपयांचा हिशेब हाच सर्वस्वीं हिशेब असें मी म्हणत नाहीं. बागाईतदारांस ठाऊकच आहे कीं, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस पडला व हवा ढगाळ राहिली म्हणजे केवडा रोग किती त्वरेनें पसरतो. त्या दिवसांत भाड्याचें फवारणी यंत्र सर्वांनाच एकदम हवें असतें, आणि दोन दिवस उशीर झाला तर घड हातचे जातात. अशा बागाईतदारानें वरील ४१,००० ची तूट जाणूनबुजून सोसली तर तो मूर्ख ठरत नाहीं. तो वेळेवर फवारणी होण्याची किंमत देत आहे. मात्र ती किंमत किती, हें त्यास आधीं ठाऊक असावें. ज्याच्या शेतांत मका व सोयाबीन आहे, त्यानें बागाईतदाराचें उदाहरण घेऊं नये.

यंत्र उत्तम असूनही योजिलेल्या मालास तें लागू पडेल कीं नाहीं, हा निराळा प्रश्न आहे. आपल्याच जिल्ह्यांत लासलगांवीं भाभा अणुसंशोधन केंद्राचें 'कृषक' हें विकिरण केंद्र २००२ सालीं सुरू झालें. योजना मुख्यतः कांद्यासाठीं होती. विकिरणानें कांद्यास कोंब येणें थांबतें, हें शास्त्र निर्विवाद आहे. परंतु साठवणींतील नुकसान तीन प्रकारचें असतें: वाळून वजन घटणें, सडणें व कोंब येणें. यंत्र तिसऱ्यावर चालतें. पहिल्या दोहोंस चांगली हवेशीर चाळ, नीट वाळवण व निवड हींच लागतात. शिवाय कांद्याचा भाव असा लहरी कीं, क्विंटलामागें वाढलेला खर्च निघेल कीं नाहीं याची खात्री कोणी द्यावी? कांद्याचा ओघ अपेक्षेप्रमाणें तिकडे वळला नाहीं. पुढें २००७ पासून अमेरिकेस जाणारा आंबा तेथें विकिरणासाठीं येऊं लागला, कारण त्या देशाची तशी अटच होती व आंब्याचा भाव तो खर्च सोसूं शकत होता. सरकारी केंद्रास असा दुसरा माल शोधण्यास अवधि मिळतो. सात एकरवाल्यास मिळत नाहीं.

जें एकट्यास परवडत नाहीं तें दहांस परवडतें. निर्यातीचीं द्राक्षें तोडल्यावर लवकर पूर्वशीत करून शीतगृहांत ठेवावीं लागतात, आणि हें घर बांधणें एका बागाईतदाराच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून १९९१ सालीं द्राक्षबागाईतदारांच्या सहकारी संस्थांनीं मिळून 'महाग्रेप्स' उभारली. अलीकडे मोहाडीच्या सह्याद्रि फार्म्सनें उत्पादक कंपनीच्या रूपानें तोच मार्ग मोठ्या प्रमाणावर चालविला आहे. लहान यंत्रांतही हें करतां येतें. मात्र कोणाचा नंबर आधीं, डिझेल कोणाचें, मोडलें तर खर्च कोणी द्यावा, हें पहिल्याच दिवशीं वहींत लिहून त्यावर सह्या घ्याव्या. भाऊबंदकींतील बहुतेक वाद तोंडी ठरावांतून निघतात, हें आमच्या कचेरींतील दप्तर सांगेल.

कर्जाची मुदत हाही एक मुद्दा आहे. जुन्या तगाईच्या कायद्यांत शहाणपण होतें. १८८३ चा कायदा विहीर, बांध अशा जमीनसुधारणेसाठीं होता; १८८४ चा बी-बियाणें, बैल यांसारख्या गरजांसाठीं. विहीर पिढ्यान् पिढ्या टिकते, बैल थोडीं वर्षें काम देतो, म्हणून दोहोंस एक माप लावलें नाहीं. यंत्र निकामी झालें आणि हप्ते मागें उरले, असें होतां कामा नये. माझ्या मतें आधीं पाणी, मग साठवण, आणि त्यानंतर ओढीचें यंत्र असा क्रम बहुतेकांस लागू पडतो. पण ज्याची विहीर उन्हाळ्यांतही तुडुंब असते, त्यास हा क्रम बदलण्याची मुभा आहे.

शेवटीं अनुदानाविषयीं. ठिबक सिंचनास केंद्राच्या योजनेंत अल्प व अत्यल्प भूधारकांस शेंकडा ५५ व इतरांस ४५ अनुदान आहे, आणि आपलें राज्य त्यांत भर घालतें. परंतु हें अनुदान ठरविलेल्या मापदंडाच्या किंमतीवर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. आणि सामान्यतः तें मागाहून खात्यांत जमा होतें. म्हणून मधल्या महिन्यांची पूर्ण रक्कम व तिचें व्याज हिशेबांत धरावें. महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमति हातीं येईपर्यंत सामान खरेदी करूं नये. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचें बिल जोडल्यामुळें नाकारलेले अर्ज मीं पाहिले आहेत. अर्जांतील नांव, सातबारा, आठ-अ व बँकेचें खातें यांतील नांवाशीं अक्षरशः जुळतें कीं नाहीं, हें अर्ज करण्यापूर्वींच तपासावें, आणि वारसनोंद राहिली असेल तर ती आधीं करून घ्यावी.