अ‍ॅचिलची वाट

युरोपच्या नकाशावर अगदी पश्चिमेच्या कडेला आयर्लंडचे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागराच्या लाटा युगानुयुगे आदळत आल्या आहेत. त्या माऱ्याने किनारा असा दंतुर झाला आहे की, कोठे समुद्र भूमीत शिरला आहे आणि कोठे भूमी समुद्रात घुसली आहे, हे चटकन उमगू नये. याच किनाऱ्यावर मेयो नावाचा परगणा आहे. त्यातील वेस्टपोर्ट या टुमदार गावापासून अ‍ॅचिल बेटाच्या तोंडापर्यंत 42 किलोमीटर लांबीची एक वाट जाते. ती पायी चालणाऱ्यांची आणि सायकलस्वारांची आहे. मोटारींचा धुरळा आणि भोंग्यांचा कलकलाट तेथे क्वचितच कानी येतो.

उन्हाळ्यात देशोदेशींचे प्रवासी या वाटेवर सायकलीने सफर करण्यासाठी येतात. आठ-दहा जणांचा जथा, त्याच मुलखात वाढलेला एक वाटाड्या आणि सर्वांचे सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारी एक मोटार, असा या सफरीचा सरंजाम असतो. पहिल्या दिवशी सकाळी वाटाड्या प्रत्येकाची उंची पाहून सायकलीची बैठक वरखाली करून देतो, ब्रेक दाबून पाहतो, डोक्याला शिरस्त्राण घालावयास लावतो आणि आभाळ निरभ्र असले तरी रेनकोट बरोबर घेण्यास बजावतो. त्याच्या या आग्रहाला कारण आहे. या किनाऱ्यावर वर्षातील दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. तो फारसा कोसळत नाही, पण सहसा पाठही सोडत नाही.

तेथील वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो. पश्चिमेस जाणाऱ्याच्या तो छातीवर येतो. म्हणून पुष्कळ प्रवासी मोटारीतून अ‍ॅचिलला जातात आणि वारा पाठीवर घेऊन वेस्टपोर्टला परततात. यात शहाणपण आहे, नाही असे नाही. परंतु या वाटेची कथा पूर्वेकडून पश्चिमेकडेच उलगडत जाते. जाणता वाटाड्या म्हणून वाऱ्याची पर्वा न करता जथ्याला पश्चिमेकडे नेतो.

गाव मागे पडले की डावीकडे क्ल्यू उपसागराचे पाणी चमकू लागते. त्यात हिरवी, पाठ फुगवून बसलेल्या कासवांसारखी लहान लहान बेटे विखुरलेली आहेत. हिमयुगात येथे बर्फाचे प्रचंड थर सरकत होते. त्यांच्याखाली मातीचे आणि गोट्यांचे लांबट ढीग तयार झाले. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि त्या ढिगांची बेटे झाली. वर्षाचे जितके दिवस तितकी ही बेटे, म्हणजे 365, असे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. मोजणाऱ्याला ती तितकी भरत नाहीत. पण सांगणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते. उपसागराच्या दक्षिणेस क्रोक पॅट्रिक नावाचा 764 मीटर उंचीचा सुळकेदार डोंगर उभा आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू तो चढतात आणि त्यांतले काही जण त्या टोकदार दगडांवरून अनवाणी जातात.

वाटेत एखाद्या सायकलीचे चाक पंक्चर होतेच. मग वाटाड्या ती उलटी करून ठिगळ लावतो आणि तेवढ्यात एक गोष्ट सांगून घेतो. हवा भरलेली रबरी धाव प्रथम व्यवहारात आली ती आयर्लंडच्याच भूमीवर. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर राहत होता. त्याच्या लहान मुलाची तीन चाकी सायकल दगडी रस्त्यावर फार खडखडे. डॉक्टरने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसवली आणि 1888 साली तिचे पेटंट घेतले. हीच कल्पना टॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसाला त्यापूर्वी चाळीस वर्षे सुचली होती. पण तेव्हा तिचा उपयोग करील अशी सायकलच जन्मली नव्हती.

अकरा किलोमीटरवर न्यूपोर्ट हे गाव लागते. तेथे नदीवर सात कमानींचा दगडी पूल आहे. हा पूल सायकलींसाठी खास बांधला असेल, असे कोणाला वाटत नाही. तो फार भक्कम आहे. मग वाटाड्या जथ्याला विचारतो, ‘‘सकाळपासून एकही उभा चढ लागला नाही, हे ध्यानात आले का?’’ खरोखरच वाट कोठेही एकदम चढत नाही. डोंगर आडवा आला तर ती त्याला लांबून वळसा घालते, खोलगट जागा आली तर भरावावरून जाते. याचे कारण असे की, ही वाट मुळात आगगाडीची होती. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. म्हणून इंजिनियरांनी मोठ्या कष्टाने जमीन सारखी करून 1894-95 साली येथे रूळ घातले होते. त्या कष्टांचे फळ आज सायकलस्वारांच्या पायांना मिळते.

ही आगगाडी फार वर्षे चालली नाही. 1937 साली ती बंद झाली, रूळ उखडले गेले आणि मार्गाची जमीन आसपासच्या शेतकऱ्यांकडे गेली. सत्तर-एक वर्षे तेथे काटेरी झुडपे माजली. नंतर याच जागेवरून सायकलीची वाट काढावी असे ठरले. पण ती शंभराहून अधिक जमीनमालकांच्या शेतांतून जाणार होती. कोणाचीही जमीन सक्तीने घेतली नाही. ‘‘जमीन आमची, जाण्यायेण्यास आमची संमती,’’ या बोलीवर शेतकऱ्यांनी मोबदल्यावाचून वाट मोकळी करून दिली. 2010 साली तिचा पहिला भाग खुला झाला आणि 2011 मध्ये ती पूर्ण झाली. आजही ठिकठिकाणी फाटके लागतात. मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून प्रत्येक प्रवाशाने त्यांबाबत सावध राहावे, अशी अपेक्षा असते.

मेयोच्या शेतकऱ्याने आपली जमीन अशी वापरू द्यावी, ही गोष्ट किती मोठी आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात येथील शेतकरी जमीन कसत होता; पण मालक जमीनदार असे. धान्य आणि जनावरे खंडापायी विकली जात आणि घरात खायला बटाटे तेवढे उरत. 1845 साली बटाट्यावर रोग पडला. रोपे एका आठवड्यात काळी पडत आणि जमिनीतले बटाटे सडून त्यांची दुर्गंधी सुटे. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे भुकेने आणि साथींनी मेली, आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेली. 1841 साली आयर्लंड बेटाची लोकसंख्या ऐंशी लक्षांच्या वर होती. तो आकडा या बेटाने अजूनही पुन्हा गाठलेला नाही.

या दुष्काळातच, 1846 साली, मेयो परगण्यात मायकेल डेव्हिट जन्मला. खंड थकला म्हणून त्याच्या आईबापांना घराबाहेर काढण्यात आले, तेव्हा तो चार वर्षांचा होता. कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे कापसाच्या गिरणीत काम करताना यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. त्याचे वय त्या वेळी अकरा वर्षांचे होते. याच डेव्हिटने 1879 साली शेतकऱ्यांचा भूमिसंघ उभा केला. जमीन कसणाऱ्याची झाली पाहिजे, ही त्याची मागणी होती.

पुढच्याच वर्षी मेयोमध्ये जे घडले, त्याचे पडसाद थेट महाराष्ट्रापर्यंत आले. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाचा एक गृहस्थ तेथे एका जमीनदाराचा कारभारी होता. पूर्वी त्याने अ‍ॅचिल बेटावरही बरीच वर्षे शेती केली होती. खंड कमी करण्यास नकार मिळाला आणि कुळांना बेदखल करण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा लोकांनी हाणामारी न करता त्याला वाळीत टाकले. मजुरांनी त्याचे शेत सोडले, दुकानदारांनी माल देणे बंद केले, त्याच्याशी कोणी बोलेना. अखेर बाहेरून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे एक हजार सैनिक व पोलीस. पाचशे पौंडांचे पीक काढण्यास दहा हजार पौंड खर्च झाला, असे तेव्हा म्हणत. बॉयकॉट देश सोडून गेला. त्याचे नाव मात्र इंग्रजी भाषेत एक क्रियापद होऊन राहिले. पंचवीस वर्षांनी, 1905 च्या वंगभंगानंतर, लोकमान्य टिळकांनी पुरस्कारलेल्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला ‘बहिष्कार’ होता. इंग्रजीत त्याला ‘बॉयकॉट’ हेच नाव होते.

मलरॅनी सोडले की भूमीचे रूप पालटते. शेते संपतात आणि तांबूस दलदल सुरू होते. हजारो वर्षे कुजत, दबत गेलेल्या वनस्पतींची ही काळी माती वाळवून चुलीत जाळता येते. काही कुटुंबे अजूनही तिच्या विटा कापून उन्हात रचतात आणि तिच्या धुराचा उग्र, गोडसर वास वाटेवर दरवळतो. कुंपणांवर फ्यूशियाची लालजांभळी फुले खाली माना घालून लोंबत असतात. आयरिश भाषेत त्यांना ‘देवाचे अश्रू’ म्हणतात.

अ‍ॅचिलची सामुद्रधुनी अरुंद आहे आणि तिच्यावरील पुलाला मायकेल डेव्हिटचेच नाव आहे. पहिला पूल 1887 साली त्याच्याच हस्ते खुला झाला. आजचा पूल 2008 सालचा आहे. पुलाच्या अलीकडे आगगाडीचे शेवटचे स्थानक होते. येथे वाटाड्या सायकलीवरून उतरतो. अ‍ॅचिलमध्ये अशी दंतकथा आहे की, तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका भविष्यवाद्याने सांगितले होते : लोखंडी चाकांच्या गाड्या अग्नी ओकीत या मुलखात येतील आणि पहिल्या व शेवटच्या खेपेस त्या प्रेते वाहतील. भविष्य खरेच कोणी सांगितले होते की मागाहून जुळवले गेले, हे आता ठरवता येणार नाही. घटना मात्र दोन्ही खऱ्या आहेत.

अ‍ॅचिलची तरुण मुले-मुली दर उन्हाळ्यात बटाटे काढण्याच्या मजुरीसाठी स्कॉटलंडला जात. 14 जून 1894 रोजी अशीच मंडळी एका शिडाच्या होडीतून वेस्टपोर्टकडे निघाली. तेथे आगबोट उभी होती. ती दिसताच पाहण्यासाठी सगळे होडीच्या एका बाजूला लोटले, होडी कलंडली आणि 32 जण बुडाले. नवा लोहमार्ग अद्याप रीतसर खुला झाला नव्हता. त्यावरून जी पहिली गाडी अ‍ॅचिलला आली, तिने त्यांची शवे आणली. त्रेचाळीस वर्षांनी, 16 सप्टेंबर 1937 च्या रात्री, स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉक येथे मजुरांच्या झोपण्याच्या जागेला आग लागून अ‍ॅचिलचे दहा जण मेले. सर्वांत लहान तेरा वर्षांचा होता. लोहमार्ग बंद होण्यास थोडेच दिवस उरले होते. त्याच मार्गाने ते दहा जण घरी आले.

पुलापलीकडे दक्षिणेस समुद्राच्या काठाने गेले की किल्डाव्हनेटची दफनभूमी लागते. 1894 चे आणि 1937 चे, दोन्ही वेळचे लोक तेथे पुरलेले आहेत. जवळच एक जुना चौकोनी बुरूज आहे. सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आपल्या गलबतांनी दरारा बसवणाऱ्या ग्रेस ओमॅलीचा तो म्हणून ओळखतात. 1593 साली ती इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला समोरासमोर भेटली होती. तिची कथा एरवी प्रवाशांना फार आवडते. परंतु येथे वाटाड्या ती थोडक्यात आटोपतो. प्रवासी थडग्यांवरची नावे आणि वये वाचत उभे असतात.

दुसऱ्या दिवशी जथा कीमच्या खाडीकडे जातो. रस्ता उंच कड्यावरून, एका बाजूस खोल समुद्र ठेवून जातो. चढावर बहुतेक जण सायकल हाताने ढकलतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. माथ्यावरून खाली पाहावे तो डोंगरांच्या ओंजळीत पांढरी पुळण आणि हिरवेनिळे पाणी दिसते. 1950 च्या सुमारास येथे प्रचंड बास्किंग शार्क मासे त्यांच्या यकृतातील तेलासाठी मारले जात. 2022 पासून त्या माशाला आयर्लंडच्या कायद्याने संरक्षण आहे. वसंतात कधीकधी त्याचा त्रिकोणी पर पाण्यावर दिसतो.

परतताना वाटाड्या जथ्याला स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी नेतो. तेथे ऐंशी ते शंभर घरांचे एक गाव आहे. पण त्यात कोणी राहत नाही. चुन्यावाचून रचलेल्या दगडी भिंती उभ्या आहेत, छपरे गेली आहेत आणि चुलींच्या जागी गवत उगवले आहे. जर्मन लेखक हाइनरिश ब्योल 1950 नंतरच्या दशकात अ‍ॅचिलला येऊन राहिला. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आयर्लंडविषयीच्या पुस्तकात त्याने या गावाचे वर्णन केले आहे. हे गाव एका रात्रीत ओस पडले नाही. काहींना दुष्काळाने नेले, काहींना जमीनदाराने काढले, काही मासेमारीसाठी समुद्राकाठी उतरले. नंतरही कित्येक वर्षे लोक उन्हाळ्यात गुरे घेऊन येथे राहावयास येत.

जूनमध्ये तेथे रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही. त्या तिरप्या उन्हात डोंगराच्या उतारावर एकसारख्या समांतर रेघा उमटतात. दुपारी त्या दिसत नाहीत. दुष्काळापूर्वी बटाट्यासाठी घातलेल्या वाफ्यांचे ते वरंबे आहेत. जेथे कोणी चढूनही जाणार नाही, अशा उंचीपर्यंत ते गेले आहेत. प्रवाशांपैकी कोणी ते मोजू लागतो आणि मध्येच सोडून देतो. एवढ्यात समुद्राकडून पावसाची एक सर येते, रेघा दिसेनाशा होतात. मंडळी रेनकोट चढवतात आणि उतारावरून कील गावाकडे सायकली सोडतात.