करमणुकीचे तळे आणि मातीचे धरण

तळ्याकाठी सहलीस गेलेल्या माणसाला शांत पाणी दिसते. ते पाणी अडवून धरणारी माती सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. नौकाविहार व मासेमारी यांसाठी राखलेल्या तळ्याच्या मालकाचेही पुष्कळदा तसेच होते. या दुर्लक्षाचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या साउथ फोर्क धरणाच्या इतिहासावरून आपण पाहू.

चार लहान सोयी

हे मातीचे धरण राज्य सरकारने कालव्यास पाणी पुरविण्यासाठी बांधले. त्याचे काम १८५३ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे २२ मीटर व लांबी सुमारे २८४ मीटर होती. तळाशी पाणी सोडण्याचे लोखंडी नळ होते, आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी बाजूस सांडवा होता. पुढे रेल्वेमुळे कालवा निरुपयोगी झाला. १८६२ मध्ये धरणाचा काही भाग फुटला आणि नंतरच्या एका मालकाने तळाचे नळ काढून विकून टाकले.

१८७९ मध्ये ही जागा धनिकांच्या एका मासेमारी व शिकार मंडळाकडे आली. मंडळाने खिंडार माती, दगड, झाडाच्या फांद्या व गवत यांनी बुजविले. नळ मात्र पुन्हा बसविले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवून रुंद केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या लावल्या. खिंडाराच्या जागी भरलेली माती पुढे खचली आणि जो मध्यभाग सर्वांत उंच असावयास हवा, तोच सखल झाला. नळ नाहीत व पाझर आहे, हे १८८० मध्येच एका अभियंत्याने मंडळाच्या नजरेस आणले होते. त्याचा उपयोग झाला नाही.

३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीने तळे तुडुंब भरले. जाळ्यांत पालापाचोळा अडकून सांडवा तुंबला. तळाचे नळ नसल्यामुळे पाणी उतरविण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता. मजुरांनी माथ्यावर माती चढविण्याचा व नवी चर खणण्याचा प्रयत्न केला. पण पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले. सुमारे २३ किलोमीटरवरील जॉन्सटाउन शहर व वाटेतील वस्त्या त्या लोंढ्यात सापडून २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. तारेने इशारे दिले गेले होते; परंतु पूर्वी अनेकदा खोट्या हाकाट्या ऐकलेल्या लोकांनी ते मनावर घेतले नाहीत.

माती का हार खाते?

दगडी भिंतीवरून थोडा वेळ पाणी वाहिले तरी ती बहुधा तग धरते. मातीच्या धरणाचे तसे नाही. माथ्यावरून उतरणारे पाणी मागील उतार खरवडते, ओघळ खोल होत जातो आणि पाहता पाहता त्याचे खिंडार होते. दुसरा शत्रू आतला. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच. ते स्वच्छ व नेहमीइतके असेल, तर तेवढ्याने भिण्याचे कारण नाही. परंतु ते गढूळ झाले की आतील माती वाहून जात आहे व पोकळी वाढत आहे, असे समजावे.

देखरेखीचे नियम

१. सांडवा सदैव मोकळा असावा. त्यात जाळी, बांध वा झुडपे नसावीत.

२. तळाच्या नळाची झडप ठराविक काळाने चालवून पाहावी. गंजलेली झडप ऐन वेळी उघडत नाही.

३. माथ्याची पातळी मोजावी. खचलेला भाग योग्य माती थराथराने दाबून भरावा; फांद्या व गवत कुजून मागे पोकळी ठेवतात.

४. उतारावर आखूड गवत राखावे. त्याची मुळे माती धरून ठेवतात. झाडे मात्र वाढू देऊ नयेत. वाळलेल्या झाडाची मुळे कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. उंदीर-घुशींची बिळेही तितकीच घातक.

५. पाझर मोजून वहीत नोंदवावा. तळ्याची पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा तो गढूळ झाला, तर तत्काळ अभियंत्यास बोलवावे व खालच्या वस्तीस सावध करावे.

लहानपणाचा भ्रम

धरण लहान म्हणून धोका लहान, असे नव्हे. जॉर्जिया राज्यातील टोकोआ येथे ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे केली बार्न्स हे जेमतेम १२ मीटर उंचीचे मातीचे धरण फुटले. पूर्वी तेथे वीज निर्माण होई. १९५७ नंतर ते तळे केवळ विहारासाठी उरले होते. त्या रात्री ३९ माणसे दगावली. धोका केवळ उंचीवर ठरत नाही. खाली कोण राहते, यावरही ठरतो.

भारतात धरण सुरक्षितता कायदा २०२१ मध्ये झाला. १५ मीटरहून उंच धरणे, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीची धरणे त्याच्या कक्षेत येतात. त्याहून लहान बांधांची राखण मालकाच्या व गावकऱ्यांच्या दक्षतेवरच मुख्यतः अवलंबून राहते. तेव्हा वाचकहो, पावसाळ्यापूर्वी आपल्या जवळच्या तळ्याचा सांडवा एकदा अवश्य पाहून या. तो मोकळा नसेल, तर जबाबदार माणसास तसे सांगणे हे आपले कर्तव्य होय.